गुडघ्याचे दुखणे आणि अंगाचे वजन

(पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो परीक्षेचा निकाल, गैरहजेरी, नाही तर मोबाइल यांबद्दल बोलणार, हे आपणांस पाठ झाले आहे. आज मी गुडघ्यांबद्दल बोलणार आहे. हसू नका. आमचे नववी-दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर आहेत. पालकसभेच्या दिवशी कितीतरी मुलांच्या आया खाली व्हरांड्यातच बसून राहतात आणि मुलाबरोबर निरोप पाठवतात, "सरांना सांग, पाय दुखतात, जिना चढवत नाही." वय विचारावे तर ४५, फार तर ५०. मुलाचा अभ्यास समजून घेण्याची ज्यांना खरी तळमळ, त्यांच्याच वाटेत २२ पायऱ्या आड येतात. तेव्हा हा विषय शाळेचा नव्हे, असे मला तरी वाटत नाही.

मी बी.ए., बी.एड. झालेला मास्तर आहे, डॉक्टर नव्हे. औषध सांगणे माझे काम नाही आणि मी ते सांगणारही नाही. परंतु जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते आपल्या भाषेत मांडण्याइतका अधिकार शिक्षकाला असतो, एवढ्या आधारावर बोलतो.

दवाखान्यात नेहमी एक संवाद घडतो. डॉक्टर म्हणतात, "वजन कमी करा, गुडघे दुखायचे थांबतील." बाई म्हणतात, "गुडघे दुखतात म्हणून चालता येत नाही, चालता येत नाही म्हणून वजन वाढते. मग कमी कसे करू?" डॉक्टरांना वाटते, बाई ऐकत नाहीत. बाईंना वाटते, डॉक्टर आपल्याला खादाड समजतात. वास्तविक दोघांचेही म्हणणे खरे आहे. वजन दुखणे वाढवते आणि दुखणे वजन वाढवते. बैल घाण्याभोवती फिरावा तसे हे दोन्ही एकमेकांच्या मागे फिरत राहतात. हा फेरा कोठे तोडता येतो, तेवढेच आज पाहू.

प्रथम सांधा कसा असतो ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे मिळतात तेथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत, चिवट असा थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जो पातळ द्रव असतो, त्यातूनच तिचे पोषण होते, आणि तेही स्पंजासारखे. पाऊल टाकले की ती दबते, उचलले की फुगते आणि द्रव शोषून घेते. म्हणजे चालणे हेच कूर्चेचे जेवण. तिला वेदनेचे तंतूही नसतात. त्यामुळे ती झिजू लागली तरी आरंभी काही कळत नाही. भोवतालचे आवरण सुजू लागते, खालच्या हाडावर ताण येतो, तेव्हा माणूस "आई गं" म्हणतो. या झिजेच्या संधिवाताला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. वाढते वय, पूर्वी झालेली दुखापत, घराण्यातील कल, आणि स्त्रियांत पाळी जाण्याच्या सुमाराचा काळ, ही त्याची कारणे आपल्या हातात नाहीत. वजन हे कारण मात्र बऱ्याच अंशी हातात आहे.

आता थोडे गणित. हा माझा विषय नव्हे, गणिताचे सर समोरच बसले आहेत, चुकले तर सांगतील. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर येणारा भार हा शरीराच्या वजनाइतका नसतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. जिन्यावर त्याहूनही अधिक. कारण शरीर तोलून धरण्यासाठी स्नायूही सांध्याला आवळत असतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांची मोजमापे घेण्यात आली व त्यांचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. अंगावरचे १ किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी उतरतो, असे त्यात आढळले. एक किलोमीटर चालताना एक पाय साधारण ७०० ते ७५० वेळा जमिनीवर टेकतो. म्हणजे केवळ १ किलो वजन घटले तर एका किलोमीटरमागे एका गुडघ्याचे जवळजवळ ३,००० किलोंचे ओझे वाचते. तांदळाची ५० किलोंची पोती धरली तर ६० पोती झाली! "एक-दोन किलोंनी काय होते?" असे म्हणणाऱ्यांनी ही ६० पोती डोळ्यांसमोर आणावीत.

परंतु ओझे हीच एक गोष्ट असती तर हाताच्या बोटांचे सांधे कधी दुखले नसते. बोटांवर कोणी चालत नाही. तरीही स्थूल व्यक्तींत बोटांचा झिजेचा संधिवात अधिक आढळतो. याचे कारण असे की चरबी ही कोठीत ठेवलेल्या तुपासारखी निमूट पडून राहत नाही. तिच्यातून काही द्रव्ये रक्तात मिसळत असतात आणि त्यांतील काही सूज वाढवणारी असतात. पोटाभोवतीची चरबी या बाबतीत अधिक खोडसाळ. म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. आपल्या लोकांत पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांचा ८० च्या वर गेला की सावध व्हावे, असे सांगतात. हीच चरबी साखरेच्या आणि रक्तदाबाच्या विकारालाही हातभार लावते, हे वेगळे सांगायला नको.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चीनच्या बीजिंग शहरातील वृद्ध स्त्रियांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकन स्त्रियांच्या मानाने त्या सडपातळ; तरीही गुडघ्याची झीज त्यांच्यातच अधिक निघाली. वर्षानुवर्षे उकिडवे बसण्याचा त्याच्याशी संबंध असावा, असे पुढील अभ्यासात दिसले. तेव्हा ज्या बाईचे गुडघे दुखतात ती आपल्या खाण्यानेच दुखणे ओढवून घेते, असा शेरा कृपा करून मारू नका. सडपातळ माणसाचेही गुडघे दुखतात. वजन हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. मात्र पाऊल टाकू तेथे बरोबर येणारे आहे.

आता फेऱ्याचा दुसरा भाग, म्हणजे दुखण्याने वजन कसे वाढते. मला वाटते, आपल्या समाजात खरी गोम येथे आहे, आणि ती प्रेमाच्या पोटी आहे. एक घर डोळ्यांसमोर आणा. अम्मीचे गुडघे दुखू लागले. सून म्हणते, "अम्मी, तुम्ही बसा, भाकऱ्या मी करते." मुलगा आखातात, तो फोनवर बजावतो, "अम्मीला काम करू देऊ नका." नातू पाण्याचा तांब्या हातात आणून देतो. बाजारहाट बंद, विहिरीकडे जाणे बंद, शेजारणीकडेही जाणे कमी. दिवसभर खुर्ची आणि पलंग. करमत नाही म्हणून चहा, चहाबरोबर बिस्किटे. घरात कौतुक, की मुले किती सेवा करतात! सहा महिन्यांत अम्मीचे वजन चार किलोंनी वाढते आणि मांडी मात्र बारीक होते.

ही मांडी बारीक होणे फार महत्त्वाचे आहे. गुडघ्याचा खरा रक्षक म्हणजे मांडीचा पुढचा मोठा स्नायू. पाऊल पडताना बसणारा धक्का तो झेलतो. गाडीच्या चाकाला कमान असते ना, तसा. गुडघा दुखला आणि सुजला की हा स्नायू आपोआप ढिला पडतो, पूर्ण जोराने आवळला जात नाही. त्यात बसून राहिले की तो आणखी वाळतो. मग धक्का थेट सांध्यावर. दुखणे वाढले, हालचाल आणखी घटली, वजन आणखी चढले. शिवाय दुखण्याने रात्री झोप लागत नाही, आणि जागरण झाले की दुसऱ्या दिवशी गोड खावेसे वाटते. मशिदीत खुर्च्यांची रांग अलीकडे लांब होत चालली आहे, हे आपण पाहतोच. खुर्चीवर नमाज कोणी, केव्हा पढावी, हा मसला सांगणे उलेमांचे काम. मी फक्त इतकेच म्हणेन की जमिनीवरून उठणे ही मांडीची दिवसातून अनेक वेळा होणारी कसरत होती. गुडघ्याने ती सोडायला लावली तर तेवढी कसरत दुसऱ्या वाटेने भरून काढावी लागते.

रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील आपल्या गावांत हे अधिक जाणवते. आमच्या आज्या विहिरीचे पाणी शेंदत, उखळात भात कांडत, पाट्यावर मसाला वाटत. त्यांचे गुडघे दुखत नसत असे नाही. दुखत असत, पण हालचाल थांबत नसे. पुढे मुलांचा आखातातून पैसा आला. मोटार, गॅस, मिक्सर आले. ते यावेतच, बायकांच्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु कष्ट गेले तरी ताटातील भाताचा ढीग तेवढाच राहिला आणि तेलाची बुधली मोठी झाली. त्याचा हिशेब कोणी केला नाही.

एक इशारा द्यायचा आहे. गावोगाव काही पुड्या आणि बिननावाच्या गोळ्या विकल्या जातात. "जडीबुटी आहे, आठ दिवसांत गुडघा मोकळा" असे सांगतात, आणि खरोखरच चार दिवसांत आराम पडतो. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड हे औषध गुपचूप मिसळलेले असते. त्याने भूक खवळते, वजन वाढते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेले औषध गुडघ्यावरच ओझे चढवते! कोणी अशा पुड्या बरेच दिवस घेत असेल तर माझे ऐकून त्या एकदम बंद करू नका, त्यानेही धोका होतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. वेदनाशामक गोळ्याही स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड यांना अपाय करतात.

आता फेरा तोडण्याविषयी. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथील रहिवाशांच्या प्रकृतीची नोंद १९४८ पासून ठेवली जात आहे. १९९२ साली त्या नोंदींवरून असे प्रसिद्ध झाले की ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत सुमारे ५ किलोंनी घटले, त्यांच्यात दुखऱ्या गुडघ्याच्या झिजेचा धोका निम्म्याहून खाली आला. फक्त ५ किलो! आणि ज्यांचे दुखणे आधीच सुरू झाले आहे त्यांचे काय? तोही प्रयोग झाला. गुडघेदुखीच्या ४५४ स्थूल व्यक्तींना १८ महिने तीन गटांत ठेवले: एका गटाला केवळ आहाराचे पथ्य, दुसऱ्याला केवळ व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. २०१३ साली निष्कर्ष आला. दोन्ही करणाऱ्यांचे वजन सरासरी १० किलोंच्या वर उतरले आणि दुखणे जवळजवळ निम्म्यावर आले. हे सगळे ५५ वर्षांच्या पुढचे लोक होते, तरणेताठे नव्हेत.

हल्ली वजन उतरवण्याच्या इंजेक्शनाबद्दल विचारतात. सेमाग्लुटाइड या औषधाचा गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांवरील प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३ टक्क्यांहून अधिक घटले व दुखणेही चांगले उतरले. परंतु ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे औषध आहे, आणि बंद केले की वजन पुन्हा चढू लागते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचेही तसेच. ज्यांना तिची गरज आहे त्यांनी ती जरूर करावी, दुखणे फार कमी होते. परंतु दुखणे गेले म्हणून वजन आपोआप उतरत नाही.

बाईंचा मूळ प्रश्न राहिला: चालता येत नाही, तर वजन कसे उतरवू? त्याचे उत्तर असे की वजन मुख्यतः स्वयंपाकघरात उतरते. ७० किलोंचा माणूस एक किलोमीटर चालला तर साधारण ५० उष्मांक खर्च होतात. दिवसाला ५ कप चहा आणि प्रत्येकात २ चमचे साखर धरली तर साखरेचेच १६० ते २०० उष्मांक झाले. ते चालून फेडायचे तर तीन-चार किलोमीटर हवेत. पोह्याच्या मोठ्या चमच्याने एक चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. घरात महिन्याला किती तेल लागते आणि माणसे किती, याचा भागाकार प्रत्येक घराने एकदा करून पाहावा. मुलांना गृहपाठ म्हणून द्यायला हरकत नाही. भात दोन वाढप्यांऐवजी एक, मासे तळण्याऐवजी कालवणात, डाळ-भाजी थोडी अधिक, चहात साखर आठवड्याआठवड्याने कमी. उपाशी राहू नका, उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही जातो. रमजानमध्ये वजन उतरावे, परंतु इफ्तारला भजी, समोसे आणि शरबताची रेलचेल असेल तर ईदपर्यंत काटा वरच सरकतो. आठवड्याला पाव-अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

मग व्यायाम कशासाठी? मांडीसाठी. वजन उतरेपर्यंत थांबून मग चालू, असे म्हणू नका. आणि दुखणे थांबल्यावर पथ्य करू, असेही म्हणू नका. दोन्ही एकदमच सुरू करायचे. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघ्याने तो खाली दाबा, पाच अंक मोजा, सोडा. असे दहा वेळा. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करा, पाच अंक धरा, खाली घ्या. तिसरा व्यायाम म्हणजे भिंतीला टेकवलेल्या उंच खुर्चीवरून शक्यतो हात न टेकता उठणे आणि हळू बसणे. चालायचे ते सपाट जागी. अर्धा तास एकदम नको, दहा-दहा मिनिटे तीन वेळा. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये, परंतु दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असेल तर तितक्याने कमी करावे. काठी घ्यायची लाज नको, मात्र ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेकजण उलटी धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

प्रत्येक सांधेदुखी मात्र या जातीची नसते. सकाळी उठल्यावर तासाहून अधिक वेळ सांधे आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी आणि ती लवकर सुरू करावी लागतात. पायाचा अंगठा एकाएकी लाल होऊन ठणकू लागला तर युरिक ॲसिडचा गाऊट असू शकतो. ताप येऊन सांधा गरम झाला आणि सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. येथे टॉवेल आणि खुर्ची चालणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हे सगळे म्हाताऱ्यांचे. तसे नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील वैद्यकीय विद्यार्थ्यांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा १९९९ साली दिसून आले की विशीतच ज्यांचे वजन अधिक होते त्यांना उतारवयात गुडघ्याच्या झिजेने अधिक गाठले. आणि पालकहो, येथे मला एक तक्रार करायची आहे. आठवीनंतर मुलींसाठी आपल्याकडून चिठ्ठ्या येतात: "हिला पी.टी.च्या तासाला बसवून ठेवावे." मुलगे मैदानावर, मुली वर्गात वह्या पूर्ण करीत. हाडांची बहुतेक कमाई विशीपर्यंत होते, मांडीला धावण्या-उड्या मारण्याची सवय याच वयात लागते. तिच्या पस्तिशी-चाळिशीत जो गुडघा लागणार आहे, त्याची शिदोरी आपण तेराव्या वर्षी काढून घेतो. मैदानाला आडोसा हवा असेल तर संस्थेने तो करावा. शिक्षिका हव्या असतील तर त्या आहेत. परंतु चिठ्ठ्या थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

भाषणांनंतर बालवाडीच्या वर्गात भगिनींसाठी आमच्या क्रीडाशिक्षिका हे तिन्ही व्यायाम करून दाखवतील. बंधूंसाठी वाचनालयाच्या खोलीत सोय आहे. दोन्हीकडे वजनकाटा आणि मोजपट्टी ठेवली आहे. वजन व कमरेचा घेर ज्याचा त्याने एका चिठ्ठीवर लिहून घरी न्यावा. आम्ही नोंद ठेवणार नाही, कोणाला सांगणारही नाही. सोबत एक टॉवेल लागेल. ज्यांनी आणला नसेल त्यांच्यासाठी नववीच्या मुलींनी घरून आणून ठेवले आहेत.